डेंड्रोबियम बार्बाट्युलम ऑर्किड, तिसरा हिवाळा: दोन बल्ब फुलले, चारांवर पुन्हा केकी

फुललं एकदाचं! सातांपैकी दोनच बल्ब (म्हणजे या ऑर्किडची जाडसर खोडं), पण फुललं.

मागच्या हिवाळ्यात अकरा केकी (कळीऐवजी खोडाच्या पेऱ्यावर फुटणारी बाळरोपं) आणि शून्य फुलं, ही रडकथा इथे लिहिली होती. फुलं यायला हिवाळ्यात हे झाड कोरडं ठेवावं लागतं, आणि तेव्हा मी छातीठोकपणे लिहिलं होतं, की दिवाळीनंतर पाण्याचा थेंब दिला नाही. मी दिला नव्हता हे खरं. पण माउंटच्या (झाड बांधलेल्या सालीच्या तुकड्याच्या) बरोब्बर वर धुणं वाळत घालायची दांडी आहे, आणि तिच्यावरच्या चादरी रोज सकाळी त्याच्यावर ठिबकत होत्या. पावसाळ्यात कपडे वाळेनासे झाले, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

म्हणून यंदा माउंट पश्चिमेच्या ग्रिलवर नेला. 19:19:19 खत ऑगस्टअखेर बंद. पानं पिवळी पडून गळाली तसं पाणीही बंद. बल्ब फारच सुरकुतले तर पंधरा दिवसांनी सकाळी एक फवारा, बस.

पहिलं फूल 9 फेब्रुवारीला उघडलं. पट्टी लावली, अडीच सेंटीमीटर. पांढरंशुभ्र, ओठाच्या (खालच्या वेगळ्या पाकळीच्या) घशाशी हिरवट-पिवळी झाक आणि तिथेच बारीक लव. या लवेवरूनच वनस्पतिशास्त्रज्ञ लिंडलेने 1830 मध्ये नाव ठेवलं, छोट्या दाढीचं. मला धास्ती होती ओव्हॅटम, म्हणजे याचीच दिसायला सारखी भावकी, निघण्याची, कारण बिनपानांच्या बल्बवरून दोघांतला फरक मला तरी कळत नाही. ओव्हॅटमचं फूल सायीसारखं पिवळसर असतं. हे तसं नाही. ज्या रोपवाटिकेतून आणलं, तिच्या तीन लेबलांपैकी दोन आधीच खोटी ठरली आहेत, त्यामुळे हा आनंद जरा जास्तच.

आता मुख्य दुखणं. एकच माउंट, तेच पाणी, तेच ऊन, मग चार बल्बांवर केकी का? पेऱ्यावर फुगवटा आला की पहिले आठ-दहा दिवस काही कळत नाही. मी भिंग घेऊन रोज हजर. टोक चपटं होऊन पानासारखं उलगडायला लागलं, की समजायचं, गेली कळी. या चारांनी एकामागोमाग एक तेच केलं.

माझा संशय उन्हावर होता. फुललेले दोन्ही बल्ब ग्रिलच्या बाहेर झुकलेत, त्यांना तीननंतरचं थेट ऊन मिळतं. तेव्हा पुढच्या हिवाळ्यात माउंट सरळ गच्चीवर टांगायचा, असं ठरवून हे लिहायला बसलो. बल्बची लांबी लिहावी म्हणून माउंट खाली काढला (सर्वात मोठा 32 सेंटीमीटर) आणि बोट सहज मागच्या मॉसमध्ये गेलं. गार! शेवटच्या फवाऱ्याला सहा दिवस झालेत. केकीवाले चारही बल्ब नेमके त्या गादीवर बसलेत, फुललेले दोघे तिच्या बाहेर, उघड्या सालीवर.

म्हणजे मागच्या वर्षी ज्या स्फॅग्नमचं (याच मॉसचं) मी इथे एवढं कौतुक केलं, तेच धुण्याच्या दांडीचं काम करत होतं. मागे फेब्रुवारीत आंबोलीला हेच झाड पाहिलं होतं, खडबडीत सालीवर, खाली गादी नाही की काही नाही, बल्ब सुरकुतलेले आणि वर फुलंच फुलं. तेव्हा फोटो काढण्यात दंग होतो, मुळांकडे बघितलंच नाही.

गच्चीचा बेत तूर्त रद्द. चिमट्याने हाती लागेल तेवढं मॉस आत्ताच काढलं. मुळांना चिकटलेलं राहू दिलं. पूर्ण सोडवून बांधणी मे महिन्यात, नवे कोंब मुळं धरायला लागले की. सुतळीने बांधणार नाही, ती एका पावसाळ्यात कुजते. फिशिंग लाइनच बरी, फक्त फार आवळायची नाही.

दोन केकींना साडेतीन सेंटीमीटर मुळं सुटली आहेत. आणखी थोडी वाढली की एक मॉसवर आणि एक नुसत्या सालीवर बांधतो, म्हणजे पुढे तुलना करता येईल.

राहिला सातवा बल्ब. त्याच्या वरून दुसऱ्या पेऱ्यावर परवापासून फुगवटा आहे, आज सकाळपर्यंत तरी गोलच.