तुम्ही विचारलेत म्हणून: मी गाडीतून उतरत का नाही

‘इतका चांगला स्कोप, आणि तो काचेला अडकवून बसता, खाली उतरून ट्रायपॉड का लावत नाही?’ स्कोप म्हणजे दूरचे पक्षी पाहण्याची एका डोळ्याची दुर्बीण. पाणथळीवर पक्षी पाहताना भेटणारा जवळजवळ प्रत्येक जण मला हे विचारतो आणि त्याचा रोख बहुधा माझ्या आळसाकडे असतो. आजवर ‘मला असेच बरे पडते’ एवढे म्हणून मी विषय टाळला. ते उत्तर खरे नव्हते, म्हणून आता सविस्तर लिहितो.

गाडीत बसून स्कोप वापरणे मुळीच बरे पडत नाही. प्रतिमा ६० पट मोठी होते तेव्हा थरथरही तितक्याच पटीने वाढते. इंजिन चालू असेल तर काहीच स्थिर दिसत नाही आणि शेजारच्याने नुसती कूस बदलली तरी पक्षी निसटतो. समोरची काच दोन थरांची, वक्र आणि तिरकी असल्यामुळे तिच्यातून कितीही फोकस केला तरी पिसांच्या कडा धारदार होत नाहीत. म्हणून दाराची काच डोळ्याच्या उंचीला जुळेल इतकी खाली घ्यायची, तिच्या कडेवर क्लॅम्प घट्ट करायचा, बॉनेटवरची गरम हवा नजरेच्या आड येणार नाही अशा बेताने गाडी आधीच उभी केलेली असावी लागते आणि आतली हवा बाहेरच्यासारखी होईपर्यंत बाकीच्या काचा उघड्या ठेवून वाट पाहायची. त्यानंतरही ८० मिलिमीटरच्या भिंगातून २० पटीला डोळ्यापर्यंत ४ मिलिमीटर जाडीचा प्रकाशझोत येतो, तो ६० पटीला जेमतेम १.३ मिलिमीटर उरतो. मान वाकडी करून त्यात डोळा धरून ठेवणे हे आळशी माणसाचे काम नव्हे.

तरीही मी उतरत नाही, याला कारण एक सकाळ आहे.

भरतीचे पाणी चढत गेले तशी चिखलाची सगळी सपाटी बुडाली आणि चिखल्या, टिलवे, मालगुजे असे सारे किनारपक्षी उरलेल्या एका उंचवट्यावर दाटीवाटीने येऊन बसले. माझी गाडी बांधावर, त्यांच्यापासून चाळीसेक मीटरवर उभी होती. गाडी थांबली तेव्हा काहींनी डोळे उघडले, पण क्षणभरातच चोची पुन्हा पाठीच्या पिसांत गेल्या. थव्याच्या कडेला एक टिलवा एका पायावर उभा होता. पाठ मातकट आणि खवल्यांची नक्षी नसलेली, पाय फिकट वाटणारा. ‘छोटा टिलवा’ या जातीचे पाय काळे असतात, ‘टेमिंकचा टिलवा’ या जातीचे पिवळट. पण टेमिंकचा टिलवा भरतीच्या उघड्या चिखलापेक्षा गोड्या पाण्याच्या काठी एकटादुकटा दिसणारा पक्षी, म्हणून मला खात्री हवी होती. पायावर चिखल वाळला होता. अर्धा फूट उंचावरून पाहिले तर मागची बाजू दिसेल, असे वाटून मी दार उघडले.

पहिला पाय जमिनीवर टेकला तेव्हा फक्त माना वर झाल्या. मी उभा राहिलो आणि सगळा थवा एकाच आवाजात उठला. कडेचा तो टिलवा सर्वांत शेवटी उडाला. उडण्यापूर्वी त्याने दोन उड्या मारल्या आणि तेव्हा मला दिसले की तो एका पायावर विश्रांती घेत नव्हता. दुसरा पाय सांध्याच्या खाली नव्हताच. भरती पूर्ण असल्यामुळे उतरायला दुसरी जागा नव्हती. मी घाईने आत बसून दार ओढून घेतले, तरी थवा पंधरा मिनिटे पाण्यावर घिरट्या घालत राहिला. पंचवीसेक ग्रॅम वजनाचा, उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशापर्यंत उडत जाण्यासाठी अंगात चरबी साठवणारा पक्षी, त्याची पंधरा मिनिटे मी एका पायाच्या रंगासाठी खर्च केली. थवा परतला तेव्हा कडेला तो दिसला नाही. आत कुठेतरी असू शकेल. मी शोधला, सापडला नाही.

पूर्वीचा मी या सगळ्यावर हरकत घेतो आणि ती मला खोडता येत नाही. त्याचे म्हणणे असे की गाडीत बसणाऱ्याला एकच बाजू दिसते, आवाज अर्धेच ऐकू येतात आणि वाकून, रांगत, हळूहळू पुढे सरकणाऱ्या माणसालाही पक्षी सहन करतात. चूक उतरण्याची नव्हती, ताठ उभे राहण्याची होती. शिवाय गाडी कुठे निरुपद्रवी असते? चिखल्या उघड्या खडीत अंडी घालतात आणि ती खडीसारखीच दिसतात. रस्ता सोडून ‘थोडे जवळ’ नेलेले चाक जे चिरडून जाईल ते स्कोपमधून कधी दिसणारही नाही. हे मला पटते. म्हणून मी गाडी रुळलेल्या वाटेवरून खाली घालत नाही, आणि त्यामुळे कित्येकदा पक्षी इतके दूर राहतात की ६० पटीलाही हाती काही लागत नाही.

टेमिंकचा टिलवा उडताना शेपटीच्या कडा पांढऱ्या दिसतात, छोट्या टिलव्याच्या राखाडी. तो माझ्यासमोरून उडाला तेव्हा मी तेवढेही पाहिले नाही. मी त्याच्या पायाकडे बघत होतो. वहीत त्या दिवशी घरी आल्यावर मी नाव लिहिले होते. नंतर ते खोडून ‘टिलवा, १’ एवढेच ठेवले आहे.