दारातला जवान

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेचं मतदान. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत मी केंद्राध्यक्ष होतो. साडेपाचला मॉक पोल, म्हणजे यंत्राची चाचणी, ५० मतं टाकून बघायची, ती पुसायची, सील करायचं, सातला चालू. सगळं व्यवस्थित झालं. आणि नऊला किती मतदान झालं तो आकडा कळवायची वेळ आली तर माझा आकडा बघून मलाच लाज वाटली, शेजारच्या खोलीत रांग आणि माझ्याकडं चारपाच माणसं.

एका पक्षाचा एजंट आत येऊन म्हणाला, "सर, बायका माघारी जाऊलाल्यात की ओ!"

बाहेर जाऊन बघतो तर दारात केंद्रीय दलाचा जवान, गळ्यात रायफल, येईल त्या बाईला "वोटर कार्ड दिखाओ". हा भाग विडी कामगारांचा, निम्म्या घरात तेलुगू. एक आजी आधार कार्ड पुढं करून "कार्ड लेदु, कार्ड लेदु" (कार्ड नाही) म्हणतायत आणि हा मान हलवतोय. आधार चालतं, पॅन चालतं, फोटोवालं पासबुक चालतं, अशी १२ कागदपत्रं आयोगानंच दिलीयत, नुसती मतदार स्लिप चालत नाही एवढंच. आणि मुळात ओळख पटवायचं काम आमच्या मतदान अधिकारी नंबर १ चं, बंदुकवाल्याचं नाहीच.

त्याला बाजूला घेऊन सांगितलं. पोरगा वाईट नव्हता हो, उलट घाबरला, म्हणाला बोगस वोटिंग नको म्हणून बघत होतो. खरं सांगायचं तर चूक माझीपण, सकाळी त्याला चहा विचारला पण काम काय आणि काय नाही ते सांगितलंच नाही. (त्याच दिवशी यूपीच्या पोटनिवडणुकीत मतदारांची कार्डं तपासली म्हणून आयोगानं काही पोलिसांना सस्पेंड केलं, हे मला रात्री साहित्य जमा करायच्या गर्दीत मोबाईलवर कळलं, अंगावर काटाच आला.)

आजी आत आल्या. तंबाखूनं पिवळं पडलेलं बोट, शाईची रेघ नीट दिसेना, पुसून परत लावली. त्यांनीच मग गल्लीत निरोप दिला असावा, अकरानंतर रांग लागली.

पाचच्या सुमाराला दोन पक्षांच्या पोरांची गेटवर बाचाबाची झाली, एकानं दुसऱ्याची कॉलर धरली, तेव्हा हाच जवान नुसता पुढं जाऊन उभा राहिला आणि सगळे पांगले. तो नसता तर बायका परत घरी गेल्या असत्या, म्हणजे सकाळी त्याच्यामुळं गेल्या तशाच.

पण सकाळी मी दारात पोचलो तेव्हा एक बाई हिरवी पिशवी घेऊन गेटच्या बाहेर पडत होती, मी हाक मारली, तिनं मागं बघितलं आणि गेली. दिवसभर माझं लक्ष दाराकडं. सहाला गेट बंद केलं, रांगेतल्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत पुढं आलो, त्यातही ती नव्हती.