टोटल बरोबर, टॅक्स चुकीचा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीचं बिलिंग सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. लिहिलं होतं दुसऱ्याच कुणीतरी. पहिल्यांदा उघडलं तेव्हा बरं वाटलं होतं: आटोपशीर फंक्शन्स, नीट नावं, सगळ्या टेस्ट (कोड आपोआप तपासणारे छोटे प्रोग्राम) हिरव्या, म्हणजे पास.

मार्चएंडच्या धांदलीत तिथल्या अकौंटंट मॅडमचा फोन आला. "सर, शिनोळीच्या पार्टीनं बिलं परत पाठवलीत ओ. त्यांना क्रेडिट, म्हणजे आपल्याला दिलेल्या जीएसटीची वजावट, मिळेना."

शिनोळी बेळगावच्या उशाला, पण चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तिथं कास्टिंग (ओतीव भाग) गेलं की विक्री दुसऱ्या राज्यात, म्हणून १८ टक्के आयजीएसटी. पाचशे किलोमीटरवरच्या बेंगळुरूला मात्र विक्री राज्यातल्या राज्यात, म्हणून ९ सीजीएसटी (केंद्राचा), ९ एसजीएसटी (राज्याचा). प्रोग्रामनं शिनोळीलाही ९ आणि ९ लावलेले. बेरीज तीच, म्हणून इकडं कुणाच्या लक्षात आलं नाही. टेस्टसुद्धा बेरीजच तपासत होत्या! महाराष्ट्रातल्या कारखान्याला कर्नाटकच्या एसजीएसटीचा काय उपयोग?

घोळ पत्त्यात होता. चंदगडकडं पत्त्याखाली 'व्हाया बेळगाव' लिहायची जुनी सवय. पत्त्यात बेळगाव दिसलं की प्रोग्राम गिऱ्हाईक कर्नाटकातलं धरायचा. त्यातही काळजी केवढी! १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं नाव बेळगावी झालं म्हणून जुनं-नवं दोन्ही स्पेलिंग शोधलेलं, त्याची वेगळी टेस्ट. आणि जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे, २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक, शेजारच्या रकान्यात तसेच पडून.

आमच्यातला एकजण म्हणाला, शिनोळीचा अपवाद टाकू, दहा मिनिटांचं काम. मग उद्या चंदगडातलंच तुडये, परवा आणखी कुठलं गाव. शिवाय हाच निर्णय बिलात, क्रेडिट नोटमध्ये आणि रिटर्नच्या फाइलमध्ये तीनदा लिहिलेला. देखण्या कोडमध्ये अशी नक्कल पटकन दिसत नाही, हे माझं जुनं दुखणं आहे. तो निर्णय एकाच जागी आणायचं ठरलं.

त्याआधी मॅडमना विचारलं, "नंबरचे दोन आकडे बघितले की झालं ना?"

"कसं ओ होईल? नंबर नसलेली गिऱ्हाईकं हायत की. आणि माल कुठं पोचतो ते बघायचं. गोव्याचा भंगारवाला स्वतःची गाडी लावतो आपल्या गेटवर, तरी माल गोव्यालाच जातो. त्याला आयजीएसटीच."

त्या सांगत गेल्या, मी टेस्ट लिहीत गेलो. नावंही त्यांचीच ठेवली: 'शिनोळीची पार्टी', 'गोव्याचा भंगारवाला'. त्या स्वतः वाचून चूक काढू शकतील अशा टेस्ट या प्रोग्राममध्ये पहिल्यांदाच आल्या, आणि मला तरी तेवढंच क्वालिटीचं माप पटतं.

जुन्या बिलांचं वेगळंच. व्याज लागत नाही, पण योग्य टॅक्स नव्यानं भरायचा आणि चुकून भरलेल्याचा रिफंड मागायचा. मालकांना हे सांगायचं काम मॅडमनी माझ्यावर सोडलं.