चिऊ, काऊ आणि आजोबांचं धोतर

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी आमच्याकडे लाईट गेली आणि मी मोबाईलचा टॉर्च लावून फोन ओट्यावर ठेवला तर समोरच्या भिंतीवर पिठाच्या चाळणीची ही मोठी सावली पडली. माझा लेक अडीच वर्षांचा आहे, तो पोळी खाता खाता थांबला आणि भिंतीकडे बघतच बसला. मग मी चाळणी हलवली, झारा धरला, शेवटी त्याचाच हात धरला. स्वतःची बोटं भिंतीवर बघून तो इतका खुश झाला की लाईट आली तेव्हा रडायलाच लागला, परत घालव म्हणे!!

दुसऱ्या दिवशी मी उत्साहात कामाला लागले. जुन्या लग्नपत्रिका होत्या घरात, त्यांचा कागद मस्त जाड असतो, त्यातून एक चिमणी आणि एक कावळा कापला, स्केचपेनने पंख रंगवले, डोळे काढले, अर्धा पाऊण तास गेला त्यात. आणि उजेडापुढे धरलं तर सगळं काळं. अर्थातच, सावलीला रंग कुठे कळतो, तिला कळते फक्त बाहेरची कड आणि आतली भोकं. तेव्हा मला एकदम पिंगुळी आठवली.

माझं सासर कुडाळचं. पिंगुळी तिथून अगदी जवळ, तिथले ठाकर लोक पिढ्यानपिढ्या चामड्याच्या बाहुल्या, कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी (म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगणं) करत आलेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी, त्यांनी घरच्या गोठ्यात म्युझियम उभं केलंय, ठाकर आदिवासी कला आंगण. लग्नानंतर आम्ही गेलो होतो तिथे. चामड्याच्या त्या बाहुल्यांमध्ये दागिने, मुकुट, वस्त्रावरची नक्षी सगळं बारीक बारीक भोकांनी केलेलं, मागून उजेड आला की तेवढंच चमकतं आणि पडद्यावर राम उभा राहतो. तेव्हा छान आहे म्हणून फोटो काढले आणि निघालो. आता स्वतःची काळी चिमणी हातात धरल्यावर समजलं की ती भोकं म्हणजे केवढं डोकं आहे. कोकणात जाणार असाल तर समुद्र आणि मासे यातून एक सकाळ काढून पिंगुळीला नक्की जा, आणि मुलांना घेऊन जा.

तर मी पंचिंग मशीनने चिमणीला डोळा पाडला, पंखात दोन चिरा दिल्या आणि लगेच ती जिवंत दिसायला लागली. कावळ्याच्या डोळ्यावर मागून लाल जिलेटीन पेपर चिकटवला, तो तर फारच भारी दिसतो.

पडद्याला बेडशीट जाड पडते. सासऱ्यांचं एक जुनं धोतर विरून मऊ झालेलं होतं, ते दोन खुर्च्यांमध्ये ताणून कपड्यांचे चिमटे लावले. ताणलेलं हवं नाहीतर सुरकुत्याच दिसतात. मागे मोबाईल एका पेल्यात उभा, टॉर्च चालू. ट्यूबलाईटने काही होत नाही, तिचा उजेड लांबलचक पट्टीतून येतो म्हणून सावली विरघळून जाते, उजेड जितका एका ठिपक्यातून येईल तितकी कड स्पष्ट. बाहुली कापडाला टेकवली की छोटी आणि ठसठशीत, टॉर्चकडे नेली की मोठी आणि धूसर. पण समई, मेणबत्ती अजिबात नको. एवढी लहान मुलं आणि कापड जवळ असताना तो विचारच करू नका. खराट्याच्या काड्या पण नकोत, डोळ्यात जातील, आम्ही आईस्क्रीमच्या काड्या टेपने चिकटवल्या. आणि टॉर्च मुलांच्या डोळ्यात थेट जाणार नाही एवढा खाली ठेवा.

पहिल्या खेळाला भाचा पण आला होता, तो तीन वर्षांचा. दोघांना पुढे बसवलं आणि मी मागून गोष्ट सुरू केली. दोन मिनिटं बसले असतील, मग दोघेही पडद्याच्या मागे. मी त्यांना परत परत पुढे बसवतेय, ते परत परत मागे येतायत, माझा आवाज चढायला लागला तेव्हा आई (म्हणजे सासूबाई) म्हणाल्या, "तेच्या हातात दी गो तां!" दिलं. आणि तिथून खरा खेळ सुरू झाला. या वयाच्या मुलांना बघायचं नसतंच, त्यांना ती सावली आपल्या हाताने करायची असते. कावळा टॉर्चजवळ नेऊन राक्षसाएवढा करायचा, परत लहान करायचा, हे लेकाने पंचवीस वेळा तरी केलं असेल आणि प्रत्येक वेळी तेवढाच आनंद. भाचा मात्र मोठ्या कावळ्याला घाबरला, मग खोलीतला एक दिवा लावला आणि त्याचाच हात कावळ्याशेजारी धरला, आपला हात पण तेवढाच मोठा होतो बघितल्यावर त्याची भीती गेली.

आता मी गोष्ट फार छोटी ठेवते, चिऊ काऊचीच. शेणाचं घर, मेणाचं घर, दोन्ही खोक्याच्या पुठ्ठ्याची, मेणाच्या घराला उघडणारं दार. पावसाचं काम आईंकडे, त्या स्टीलच्या डब्यात तांदूळ हलवतात, आधी हळू मग जोरात. काऊचं घर वाहून गेलं की लेक ते स्वतः ओढून खाली घेतो. मग काऊ दाराशी येतो, चिऊताई चिऊताई दार उघड. गोष्टीत चिऊ म्हणते थांब माझ्या बाळाला अंघोळ घालते, थांब माझ्या बाळाला तीट लावते, आणि मी ते सगळं आवाज काढून म्हणायला घेते, पण लेकाला तेवढा धीर निघत नाही. बाहेर पाऊस आहे ना, म्हणतो, आणि लगेच दार उघडून काऊला आत घालतो. आत दोघं एकावर एक आले की पडद्यावर नुसता एक काळा गोळा दिसतो, त्यात कावळ्याचा तेवढा लाल डोळा. तो गोळा तो तसाच धरून ठेवतो, आईंचा डब्यातला पाऊस थांबेपर्यंत.