लेथच्या गळ्यात झेंडूची माळ

खंडेनवमीला कारखान्यात सगळ्यांत कासावीस माणूस कोण, तर सेफ्टीवाला. बाकीचे झब्बे घालून, पोराबाळांना घेऊन येतात, पेढ्यांचे पुडे सुटतात, आणि मी शॉपमध्ये नुसते धोके मोजत फिरतो.

लेथचंच बघा, म्हणजे धातूचा तुकडा फिरवून कापायच्या मशीनचं. नवीन पोरगा लेथवर आला की पहिल्या दिवशी त्याला सांगायचं: बाही दुमड, गळ्यातली चेन काढ, हातमोजे घालू नकोस. हो, एरवी मोजे घाला म्हणून मी सगळ्यांच्या मागे लागतो, पण लेथवर तेच काढायला लावतो. फिरत्या चकमध्ये, म्हणजे तुकडा पकडणाऱ्या जबड्यात, मोजा अडकला तर त्याच्यामागून हात जायला वेळ लागत नाही. आणि आज? त्याच चकला झेंडूची भरगच्च माळ, वर आपट्याच्या पानांचं तोरण, आणि पुढे वाकून निरांजन ओवाळणाऱ्या बाईंचा पदर. मशीन बंद आहे म्हणून निभावतं.

१९४८च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये (२०२५ला तो जाऊन नवी संहिता आली) एक मजेशीर कलम होतं, बाविसावं. चालू मशीनपाशी तपासणीचं, तेलपाण्याचं काम करणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकाने पुरवावेत. दसऱ्याला नवे कपडे मागायला याहून भक्कम कायदेशीर आधार मला तरी ठाऊक नव्हता; फक्त त्यात झब्बा बसत नव्हता.

पुढे चला. मशीन म्हणजे आज देव, म्हणून समोर बूट काढायचे. पोलादी टोपीचे सेफ्टी शूज दाराशी ओळीने, आणि अनवाणी पाय धातूच्या चिप्स पडतात त्या जागेवर. नारळ फुटतो तो दोन मशीनांमधल्या वाटेवरच. जमिनीवर घसरायला होईल असं काही सांडलेलं नको, असं त्याच ॲक्टचं बत्तिसावं कलम म्हणायचं. नारळाचं पाणी त्यात येतं की तीर्थ म्हणून सुटतं, यावर आमच्याकडे चहाच्या वेळी गंभीर चर्चा झालेली आहे. उदबत्ती खोचायला केळं मिळालं नाही तर कॉटन वेस्टचा, म्हणजे मशीन पुसायच्या सुताचा, बोळा चालतो, तोही तेलकट! फोर्कलिफ्टच्या चाकाखाली लिंबं. आग विझवायच्या सिलिंडरलाही हळदकुंकू, इतकंच नव्हे तर नाडा, तोही नेमका पिनेभोवती गुंडाळून. एका वर्षी प्रेसवर अशी माळ सोडली की सकाळच्या पाळीला प्रेस चालूच होईना. मेंटेनन्सवाले पॅनेल उघडून बसले. शेवटी कळलं, लाइट कर्टनच्या, म्हणजे प्रेससमोरच्या सुरक्षा-पडद्याच्या, किरणांत एक झेंडू लोंबत होता. हात मध्ये आला तर थांबायचं हे त्या प्रेसला शिकवलेलं. झेंडू असला तरी ती थांबली. मला फार बरं वाटलं.

हे सगळं खरं, तरी माझा लाडका दिवस हाच.

कारण आदला दिवस. वर्षभर फाइव्ह-एसच्या, म्हणजे साफसफाई-टापटिपीच्या, नावाने मी घसा कोरडा करतो, मशीनखालचा तेलाचा थर जागचा हलत नाही. पूजेच्या आदल्या पाळीला मात्र न सांगता सगळे गुडघ्यावर. बेडखालच्या चिप्स निघतात, हरवलेल्या ॲलन की निघतात, गार्डचे गायब बोल्ट निघतात (आणि गार्ड काढून कोण काम करत होतं, तेही कळतं).

आणि दुसरं म्हणजे कुलूप. मशीन दुरुस्तीला घेतलं की मेन बंद, त्याला कुलूप, वर आपल्या नावाचा लाल टॅग, किल्ली आपल्या खिशात. ही झाली लॉक-आउट टॅग-आउटची शिस्त. प्रत्यक्षात ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणत टॅग बाजूला सारणारे साहेब मी पाहिलेत. त्यांतलेच एक खंडेनवमीला दुपारी आले, डिस्पॅचचा फोन कानाला लावूनच.

“मामा, तेवढे चार पीस काढून द्या, गाडी उभी आहे.”

मामांनी पेढा पुढे केला. “साहेब, मशीन पूजेला लागलंय.”

“अहो, दहा मिनिटं फक्त.”

“उद्या सकाळी पहिला जॉब तुमचाच.”

साहेब मशीनकडे बघत राहिले, चकवरच्या कुंकवाच्या बोटांकडे, आणि फोनवर म्हणाले, “गाडी उद्या पाठवा.” माझ्या टॅगला असं भाग्य कधी लाभलेलं नाही.

हल्ली शॉपमध्ये बिहार-यूपीची मुलं निम्म्याला आलीत. ती १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा करतात, त्यामुळे मशीन आता वर्षातून दोनदा घासूनपुसून निघतं. उरला आमचा ४ मार्च, राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ साली त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, आणि १९७२पासून हा दिवस पाळतात. छातीला बिल्ला, सामुदायिक शपथ, घोषवाक्य स्पर्धा, सामोसा. फडकं हातात घ्यावं असं कुणालाच वाटत नाही.

म्हणून यंदा मी एचआरला सुचवलं, ४ मार्चला गुरुजी बोलवू.

“नारळ फोडायचा?” त्यांनी विचारलं.

“फोडायचा. पण बाहेर, गटाराच्या जाळीवर. आणि गुरुजींना गॉगल.”