तुम्ही विचारलंत म्हणून: घरात कुणी सिगारेट ओढतं का?

माझ्या मुलाला फुफ्फुसाचा कॅन्सर झाला होता असं कळलं की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी बाई जरा जवळची असेल तर आवाज खाली आणून दुसराही विचारते, ‘गरोदरपणात काही कमी-जास्त झालं होतं का?’ दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे.

त्याचा आजार प्ल्युरोपल्मनरी ब्लास्टोमा. मोठ्या माणसांना होतो तो कॅन्सर हा नव्हे. फुफ्फुस घडत असतानाच्या कोवळ्या पेशींतून तो उगवतो, बहुतेकदा वयाच्या सहा-सात वर्षांच्या आत, आणि इतका क्वचित की अनेक डॉक्टरांनी तो कधी पाहिलेलाही नसतो.

नऊ महिन्यांचा असताना त्याला एकदम धाप लागली. श्वास घेताना बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात होती. एक्स-रेत उजवीकडे काळी पोकळी दिसली. जन्मजात सिस्ट, म्हणजे हवेने भरलेली पिशवी असेल म्हणाले, ऑपरेशन झालं, आणि काढलेल्या सिस्टच्या बायॉप्सीत हे नाव आलं. नुसती सिस्ट असतानाच सापडला, हे आमचं भाग्य. त्याची भरीव गाठ झाली की झुंज फार कठीण होते.

मग जनुकतज्ज्ञ डॉक्टरांनी माझ्याच गळ्याकडे पाहिलं. ‘हा व्रण कसला?’ एकविसाव्या वर्षी थायरॉइडच्या गाठी काढल्या होत्या. माझ्या आईलाही गलगंड होता. तेव्हा त्याचं कुणाला काहीच वाटलं नव्हतं.

दोष डायसर-१ या जनुकात होता. त्याचा या कॅन्सरशी असलेला संबंध २००९ साली उघड झाला. हे जनुक पेशीत कात्रीसारखं एक प्रथिन बनवतं. ते आरएनए नावाच्या, डीएनएसारख्याच रेणूचे बारीक तुकडे कापतं आणि ते तुकडे इतर जनुकांना आवरून धरतात. आपल्याकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. त्यातली एक जन्मापासून बिघडलेली असेल आणि एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली, तर तिथे गाठ धरते, फुफ्फुसात तशीच थायरॉइडमध्येही. बिघडलेली प्रत असलेल्या बहुतेकांना कॅन्सर होतच नाही. मला झाला नाही, त्याला झाला.

माझ्याकडूनच गेलं, हे खरं. त्या रात्री मी खूप रडले. पण मी काही खाल्लं-प्यायलं, केलं-चुकवलं म्हणून ते गेलं नाही. प्रत्येक मुलामागे निम्मी शक्यता असते, त्यावर कुणाचाच हात चालत नाही. म्हणून आजारी बाळाच्या आईला गरोदरपणाबद्दल विचारू नका, कळकळीने सांगते. ती तसंही रोज रात्री ते नऊ महिने उलगडून बघत असते.

विचारायचंच तर आमच्या घरात थायरॉइडच्या गाठी किंवा गलगंड कुणाकुणाला आहे ते विचारा. त्यावरूनच माझ्या बहिणीने तपासणी करून घेतली. तिच्यातही तोच बदल निघाला, तिच्या तान्ह्या मुलीतही. बाळ चार महिन्यांचं आहे, अगदी ठणठणीत. येत्या आठवड्यात बाळाच्या छातीचा सीटी स्कॅन आहे. मी सोबत जाणार आहे.