५६०० की १२४००? एक भाच्याला, एक मला

भाचा सहसा फोन करत नाही, मेसेज टाकतो, तोही नुसता "मामा" एवढाच, आणि पुढचं वाक्य अर्ध्या तासाने. त्यामुळे २०२४ च्या गणपतीच्या आधी त्याचा सरळ फोनच आला तेव्हा म्हणलं काहीतरी मोठं आहे. "मामा, रायझन ५ ५६०० घेऊ का आय५ १२४००? दुकानवाला म्हणतोय रायझनच घे, तो ३.५ गिगाहर्ट्झचा आहे, इंटेल २.५ चाच आहे." म्हणजे नव्या पीसीत प्रोसेसर एएमडीचा (रायझन) टाकायचा की इंटेलचा (आय५). इंजिनिअरिंगला ॲडमिशन झालेली, ताईने मॉनिटरसकट पन्नास हजार मंजूर केलेले, आणि दाजींची एकच अट की परत चार वर्षं कॉम्प्युटरसाठी पैसे मागायचे नाहीत. ही अट कोण पाळतं ते जाऊ दे.

गंमत अशी की त्याच महिन्यात मी पण माझ्या जुन्या डब्यासाठी हेच दोन प्रोसेसर घेऊन बसलो होतो, रात्री जेवल्यावर टॅब उघडायचे, चार्ट बघायचे, झोपायचं, असं आठवडाभर. शेवटी त्याच्याकडे एक गेला आणि माझ्याकडे दुसरा आला आणि दोघांचंही बरोबरच झालं असं मला अजून वाटतं.

आधी तो ३.५ आणि २.५ चा घोळ मिटवतो कारण दुकानात अजून यावरच माल खपवतात. बॉक्सवर जो बेस क्लॉक, म्हणजे मूळ वेग, लिहिलेला असतो तो म्हणजे ६५ वॉटच्या मर्यादेत राहून किमान एवढा तरी पळेन अशी हमी, बस. प्रत्यक्षात दोघेही एका कोरवर (कोर म्हणजे प्रोसेसरमधला एक कामगार) ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातात, आणि सहाच्या सहा कोर कामाला लागले तरी १२४०० चार गिगाहर्ट्झला असतो, मदरबोर्डाने वीज दिली तर. २.५ वर तो बसलेला मी तरी कधी बघितला नाही. शिवाय दोघांच्या एका गिगाहर्ट्झमध्ये काम सारखं होत नाही, इंटेलचे हे कोर त्याच क्लॉकला ५६०० च्या कोरांपेक्षा जास्त काम उरकतात. म्हणजे सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरचा वेग मोजायची चाचणी) लावलं की सिंगल कोरला १२४०० चा आकडा १७०० च्या आसपास येतो आणि ५६०० चा १५०० च्या आत-बाहेर, सगळे कोर मिळून बारा हजार विरुद्ध अकरा हजार असं काहीतरी. दोघेही २०२२ चे, इंटेल जानेवारीत आला आणि एएमडीने एप्रिलमध्ये १९९ डॉलरला ५६०० काढला, सहा कोर आणि बारा थ्रेड (एका वेळी हाताळायची कामं) दोघांकडे, त्यामुळे तुलना लावायला जोडी छान आहे, एका मापाचे पैलवान.

मग गेममध्ये इंटेल पुढे असेल असं वाटतं ना, तिथे तसं होत नाही. ५६०० कडे ३२ एमबी एल३ कॅश आहे, १२४०० कडे १८. आता कॅश म्हणजे प्रोसेसरमधलीच हाताशी असलेली मेमरी, ओट्यावरचा मिसळणाचा डबा, जेवढा मोठा तेवढं फोडणी टाकताना फळीवरच्या बरण्यांकडे, म्हणजे रॅमकडे, कमी वेळा हात जातो. गेमला सारखं हे आण ते आण चालू असतं म्हणून तिथे मोठा डबा कामी येतो आणि हिशोब बरोबरीत सुटतो, एक गेम याचा, एक त्याचा. आणि खरं सांगू का, आपल्यासारख्यांच्या पीसीत ग्राफिक्स कार्ड असतं जीटीएक्स १६५० सारखं साधं, तिथे प्रोसेसर कुठलाही लावा, कार्ड आधी धापा टाकतं. चार्टमध्ये जो फरक दिसतो तो चाचणी घेणाऱ्यांनी मुद्दाम सगळ्यात महागडं कार्ड लावलेलं असतं म्हणून दिसतो, त्यांना प्रोसेसर तपासायचा असतो ना. आपण तो चार्ट बघून आपल्या १६५० साठी निर्णय घेतो.

भाच्याला मी विचारलं, कार्ड घेणार आहेस का? तर म्हणाला आत्ता नाही, पुढच्या वर्षी बघू. मग विषयच संपला. ५६०० मध्ये आत ग्राफिक्स नाही, कार्ड नसेल तर मॉनिटरवर काहीच येणार नाही, काळोख. १२४०० मध्ये यूएचडी ७३० नावाचं आतलं ग्राफिक्स आहे, त्यावर गेम फारसे चालणार नाहीत पण कॉलेजचं काम, कोडिंग, थोडंफार कॅड, सिनेमा सगळं होतं, आणि क्विक सिंक (इंटेलची व्हिडिओसाठीची आतली सोय) असल्याने मोबाईलवर शूट केलेले व्हिडिओ एडिट करताना टाइमलाइन अडकत नाही (गडावर जाऊन रील बनवायचं वेड आहे त्याला). मी त्याला तीनदा बजावलं की नावापुढे एफ नसलेला घे, बिलावर एफ नाही ते बघ, बॉक्सवर एफ नाही ते बघ. १२४००एफ थोडा स्वस्त मिळतो तो त्यात ग्राफिक्स बंद असतं म्हणूनच. माझ्या हापिसातल्या एकाने मागच्या वर्षी हौसेने पीसी जोडला, पंखे फिरतायत, लाईटी लागतायत, डिस्प्ले नाही, दोन दिवस रॅम काढ-घाल, केबल बदल, मॉनिटर शेजाऱ्याकडे नेऊन चेक कर, आणि तिसऱ्या दिवशी बॉक्सवरचं एफ दिसलं. दुकानदाराला विचारलं तर "साहेब तुम्ही सांगितलं नाहीत कार्ड नाहीये म्हणून". आता काय बोलणार.

कुणी म्हणेल मग ५६००जी घ्यायचा, त्यात ग्राफिक्स आहे. आहे, आणि ते ग्राफिक्स इंटेलच्या ७३० पेक्षा चांगलंही आहे, पण त्यात कॅश अर्धी, १६ एमबी, आणि पीसीआयई (कार्डाला जोडणारा रस्ता) जुन्या ३.० वर अडकतो, म्हणजे पुढच्या वर्षी कार्ड लावलं की मागे पडतो. नाव तेच वाटतं पण ५६०० वेगळा आणि ५६००जी वेगळा.

बोर्डाचं पण बघावं लागतं, त्याकडे कुणी बघत नाही. इंटेलचा प्रोसेसर किमतीत पटला तरी बोर्ड घेताना हात आखडतो आणि मग माणूस एच६१० या सगळ्यात साध्या बोर्डावर येतो. एच६१० वाईट नाही, १२४०० त्यावर नीट चालतो, पण रॅमचे स्लॉट दोनच आणि रॅम ३२०० च्या वर पळवता येत नाही. म्हणून त्याला सांगितलं आठ आठच्या दोन काड्या लाव, सोळाची एक नको, आतलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं, एका चॅनेलवर ठेवलंस तर उपाशी मारशील त्याला. बी६६० हा वरचा बोर्ड घेतला असता तर बरं होतं, पण पन्नासात मॉनिटर आणि चांगला एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) पण बसवायचा होता, आणि एसएमपीएसमध्ये पैसे वाचवू देत नाही मी कुणाला.

आता माझं. माझ्याकडे २०१८ चा रायझन ५ २६०० होता बी४५० बोर्डावर, रॅम डीडीआर४, कार्ड आहेच. मला १२४०० घ्यायचा तर बोर्ड पण नवा. ५६०० घ्यायचा तर फक्त चिप, बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करायचं, जुना काढायचा, नवा ठेवायचा. सहा वर्षं जुन्या बोर्डावर हे चालतं ही एएम४ ची, म्हणजे एएमडीच्या या सॉकेटची, खरी कमाई आहे, २०१७ पासून लोक त्याच सॉकेटवर तिसरा-चौथा प्रोसेसर लावतायत. बी४५० पीसीआयई ३.० च आहे त्यामुळे ५६०० चं ४.० मला मिळत नाही, पण माझ्या कार्डाला त्याने काही फरक पडत नाही. कोर तेवढेच सहा, थ्रेड तेवढेच बारा, तरी सिंगल कोरला जवळपास दीडपट झाला, आमचा प्रोजेक्ट बिल्ड व्हायला लागायचा तो वेळ इतका कमी झाला की मधला चहा गेला.

बायोस मी बुधवारी रात्री केलं कारण आमच्याकडे लाईट जायची ती गुरुवारी, आणि अपडेटच्या मध्येच लाईट जायला नको. जुनाच प्रोसेसर आत असताना करायचं हां हे, नवा लावून मग कुठलं अपडेट, बोर्ड त्याला ओळखणारच नाही. ते नीट झालं आणि मग माझा आगाऊपणा. कूलर काढताना आधी पीसी दहा मिनिटं चालवून कूलर आणि प्रोसेसरमधली पेस्ट गरम करायची असते, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे पिळून काढायचा, हे मला माहीत आहे, मी चार जणांना सांगितलंय. स्वतःच्या वेळी थंडगार पीसी उघडला आणि कूलर सरळ वर ओढला. प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून हातात. एएम४ च्या प्रोसेसरला खाली १३३१ पिना असतात, त्यातल्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या झालेल्या. लीड पेन्सिलमधलं लीड काढून टाकलं, तिची नळी एकेका पिनेवर बसवून, श्वास धरून, सरळ केल्या. २६०० विकायचा होता म्हणून, नाहीतर फेकलाच असता. नशीब ते उलटं झालं नाही, नव्या ५६०० बरोबर.

भाच्याचे पार्ट आल्यावर त्याला मी व्हिडिओ कॉलवर घेतलं, हा किस्सा सांगितला नाही. इंटेलच्या या सॉकेटला पिना बोर्डावर असतात, प्रोसेसर त्याच्या कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणासमोर येईल असा नुसता ठेवायचा, दाबायचा नाही, मग वरची पत्र्याची चौकट खाली आणून दांडी अडकवायची. दांडीला मात्र जोर लागतो आणि आवाज येतो, पहिल्यांदा कुणीही घाबरतं.

"मामा, करकर आवाज येतोय."

"येऊ दे. दाब."

"तुटलं तर? चौदा हजाराचा आहे."

"त्रिकोण त्रिकोणासमोर ठेवलायस ना? मग दाब."

त्याने डोळे मिटून दाबलं, वरचं काळं झाकण टप्पकन उडून कॅमेऱ्यावर आलं आणि आतल्या खोलीतून ताईचा आवाज, "काय फुटलं रे?"